एकोणतीस खुर्च्या आणि एक चुकीचं बटण

माझी मावशी संग्रहालयात खुर्च्यांचं दालन सांभाळते. तिसरा मजला, डावीकडचं शेवटचं दार, एकोणतीस जुन्या खुर्च्या आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघणारं जग. लोक खालच्या मजल्यावर तलवारींसमोर सेल्फी काढतात आणि घरी जातात. मावशी बावीस वर्षं त्यांची वाट बघतेय.

त्याच संग्रहालयाची वेबसाइट आणि सोशल मीडियाची पानं मी सांभाळते, म्हणजे तलवारींचे फोटो टाकते. यावरून मावशी माझ्याशी आठवड्यातून दोनदा तरी भांडते.

"तुझ्या त्या पानावर माझ्या खुर्च्या कधी येणार गं?"

"अगं, खुर्च्या कोण बघतं?" असं मी एकदा बोलून बसले. चार दिवस अबोला.

मग संचालकांनी जाहीर केलं की दालन बंद, खुर्च्या गोदामात. गोदामाच्या भिंतींना ओल आहे, तिथे वेत आणि लाकूड टिकत नाही, हे मावशीला पक्कं ठाऊक. तिचा चेहरा बघवत नव्हता. मला माझाच राग आला, पण उशिरा.

खुर्च्या न्यायला टेम्पो यायच्या दिवशी सकाळी तिला, हलवण्याआधी कोण कशी होती याचा पुरावा म्हणून, प्रत्येक खुर्चीचा व्हिडिओ काढून संचालकांना पाठवायचा होता. तशीही ती रोज दार उघडण्याआधी एकेकीपाशी थांबून, मोठ्याने बोलत, तब्येत तपासते आणि वहीत लिहिते. तिच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला, म्हणून मी संग्रहालयाचं पान जोडलेला माझा ऑफिसचा फोन दिला. बाईसाहेबांनी नेमकं लाइव्हचं बटण दाबलं.

मी खाली चहा पीत होते. माझा स्वतःचा फोन टिणटिणत सुटला. उघडून बघते तर संग्रहालयाच्या पानावर मावशी!

"काय सासूबाई, पुढचा पाय बरा का आज?" ती एका अवाढव्य कोरीव खुर्चीला विचारत होती. "तडा होता तेवढाच आहे. धूळ नाही. तोरा मात्र कमी नाही!" मग शेजारच्या खुर्चीकडे वळून, "आणि भाऊजी, तुम्ही डुगडुगता ते डुगडुगता, वर करकरता कशाला?"

चारशे लोक बघत होते. मी पहिला जिना चढेपर्यंत अकराशे झाले. भाऊजींचं लग्न झालंय का, असं कुणीतरी विचारलं होतं. मला हसू आवरेना, धाप लागली, एक चप्पल जिन्यातच राहिली.

दारात पोचले तर संचालक माझ्याआधी हजर. फोन खिडकीत टेकवलेला, लाइव्ह चालूच. मी हातवारे केले, त्यांनी मला हातानेच गप्प केलं.

"भावनेच्या भरात जाऊ नका," ते मावशीला सांगत होते. "बावीस वर्षांत कोण आलं इथे? या खुर्च्या कुणालाही नकोत."

"नको असतील साहेब," मावशी सासूबाईंच्या पाठीवरून फडकं फिरवत म्हणाली. "पण त्या ओलीत सासूबाई सहा महिने काढायच्या नाहीत. मलाही गोदामात बदली द्या. मी रोज पुसत जाईन त्यांना."

मी सरळ फोन उचलून संचालकांच्या हातात दिला. स्क्रीनवर बघणाऱ्यांच्या कॉमेंट्स धावत होत्या. "आम्हाला हव्यात!" "सासूबाईंना हलवाल तर खबरदार!" "दार किती वाजता उघडतं?" ते वाचत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले. आकडा पाच हजारांवर गेला. अखेर त्यांनी केस सारखे केले, घसा खाकरला आणि फोनकडे बघून म्हणाले, "दालन दहा वाजता उघडतं. आज, आणि... रोज."

"हे कुणाशी बोलतायत?" मावशीने मला विचारलं. मी सांगितलं.

"पाच हजार? आणि मी सासूबाईंचं वय सांगायचं विसरले!"

टेम्पो आला तसा परत गेला. त्याआधीच, दहा वाजून पाच मिनिटांनी, समोरच्या बेकरीतली बाई धापा टाकत वर आली होती, हाताला पीठ तसंच.

"ते भाऊजी कुठे आहेत हो?"

मावशीला एकोणतीस खुर्च्यांची माहिती तोंडपाठ आहे. पण ती सगळी बाजूला राहिली. रडत, हसत, त्या बाईचं कोपर धरून ती तिला आत घेऊन गेली.