बंड्या शहाणा झाला

लस टोचायला नेलेल्या बंड्याला डॉक्टरीणबाईंनी आधी हातच लावला नाही. त्या खुर्चीत बसून आमच्या या कुत्र्याचं चालणं, वळणं, बसणं नुसतं बघत राहिल्या.

"हा सोफ्यावर उडी मारतो का?" त्यांनी विचारलं.

"आता नाही मारत," मी कौतुकानं म्हणाले. "बेल वाजली तरी दाराकडे धावत नाही. वर्षभरात फार शहाणा झालाय."

त्यांनी त्याच्या खुब्यावर हलकेच बोट दाबलं. बंड्या कण्हला नाही. त्यानं फक्त ओठ चाटले आणि मान फिरवली.

"शहाणा कसला हो. सांधे दुखतायत त्याचे. बऱ्याच दिवसांपासून."

तो गप्प बसला की मी त्याला बिस्कीट देत होते. आल्यागेल्याला त्याचं वळण दाखवत होते. घरातलं कुणी गप्प झालं की आपल्याला बरंच वाटतं. ते का गप्प झालं, हे विचारायचं राहूनच जातं.

औषधं घेऊन घरी आलो. बंड्या सोफ्यापाशी गेला, त्यानं वर बघितलं आणि खाली फरशीवर बसला. सवयीनं माझा हात बिस्किटांच्या डब्यावर गेला. झाकणाचा आवाज ऐकून त्यानं शेपूट हलवली.