गणपतीसाठी रोह्याला नेलेलं गलबत

"ताई, गणपतीत पेण-रोह्याकडे जायचं तर कसं जावं?" असं एका वाचकाने विचारलंय. साधं उत्तर असं, की एक दिवस आधी निघा, महामार्गावर भरवसा ठेवू नका आणि हातात जहाज घेऊ नका. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला कुणीही सांगेल. तिसरी सांगायला मला नव्वदच्या दशकात जावं लागेल, आणि खरं सांगते, तिथे जायला मला अजूनही लाज वाटते.

माझा नवरा मोहन लाकडाची छोटी जहाजं बनवतो. शोकेसमध्ये ठेवायची. तेव्हा ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्याचं हे सगळं चालायचं. सागाच्या पट्ट्या माझ्या पातेल्यात उकळायच्या, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीवर कमी अन् जहाजावर जास्त असायचे. सल्ले द्यायला त्याला कुणी विचारावं लागत नाही. "पट्टी वाकत नसेल तर जोर लावू नका, पुन्हा भिजवा. शिडाचं कापड चहाच्या पाण्यातून काढा, जुनं दिसतं. दोऱ्याला मेण लावा, तुसं बसतात." दूधवाल्यालाही त्याने हे ऐकवलेलं आहे.

दोन वर्षं खपून त्याने दोन डोलकाठ्यांचं एक गलबत केलं होतं. रोह्याचा माझा भाऊ, विजूदादा, ते बघून हरखलाच. "औंदा बाप्पा या गलबतावर बसवू," तो म्हणाला. "भावोजी, तुमीच घेऊन या." माहेरी आपल्या नवऱ्याचं कौतुक होतंय म्हटल्यावर मी लगेच बॅग भरायला घेतली. शिवाय त्या वर्षी दादाच्या घरात वेगळाच आनंद होता. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आणि दोनदा दिवस राहून गेल्यावर सुनंदावहिनीला पाचवा महिना लागला होता.

आम्ही ठाण्याहून सकाळची एसटी धरली. कंडक्टरने गलबताचं अर्धं तिकीट फाडलं आणि वर म्हणाला, "मांडीवर घ्या, सीट नाही मिळणार." पनवेल सुटल्यावर खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्याला मोहन गलबत दोन्ही हातांनी वर उचलायचा आणि मागच्याला डोलकाठी लागायची. मग त्याने सगळ्या गाडीला खिडक्या लावायला सांगितल्या, कारण वाऱ्याने शिडं फाटतील. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या एक मावशी वैतागल्या. "येवढी होरी हाय तर पान्यातनं जायाचा ना!" सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू हा माणूस माझ्याबरोबर नव्हताच.

पेणला उतरलात तर पोह्याचे पापड नक्की घ्या, स्टँडजवळ वडा-उसळ खा आणि गणपतीच्या कारखान्यांतून एक चक्कर मारा. आदल्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. रंगाचा वास, ओल्या मातीचा वास आणि "डोक्याला लागंल, वाका" अशी ओरड. आम्हाला घ्यायला दादा कंपनीतून रजा टाकून मित्राचा टेम्पो घेऊन पेणला आला होता. मोहनने गलबताचा डेक मापला आणि त्यात बसेल अशी, वितीपेक्षा थोडी मोठी शाडूची मूर्ती निवडली.

"उंदीर कुठं बसवनार?" कारागिराने विचारलं. "काठीवर?"

"पुढे नाळेवर, टोकाला बसवू," मोहन गंभीरपणे म्हणाला. जहाजाच्या बाबतीत त्याला विनोद कळत नाही.

पेणहून वडखळ, नागोठणे आणि मग रोहा. या रस्त्याची अवस्था मी सांगत नाही. भाद्रपदात दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं असतं, ते बघा आणि कंबर विसरा.

चतुर्थीला दादाच्या आळीतलं झाडून सगळं माणूस गणपती बघायला आलं. निळ्या साटिनच्या कापडावर गलबत आणि त्यावर बाप्पा. मोहन बाजूला उभा राहून उकळत्या पाण्यापासून मेणापर्यंत सगळं सांगत होता, आणि लोक खरंच ऐकत होते. दादाच्या शिफ्टमधल्या एकाने तर चहाच्या पाण्याचं दोनदा विचारून घेतलं. आई माझ्या कानात म्हणाली, "जावय गुनाचा हाय गो." मला दोन बोटं स्वर्ग उरला.

दादाकडे दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतलं कुणीतरी म्हणालं, "बाप्पाला गलबतातनंच जाऊ दे की!" मोहन म्हणाला, "हे शोकेसचं आहे." पण दादाने तोवर दहा घरी सांगून टाकलं होतं. मग मोहनने मागच्या दारी घंगाळ भरलं आणि त्यात गलबत सोडलं. ते ऐटीत तरंगलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

रिकामं तरंगलं होतं. एवढं साधं त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि तिथे कुणाच्याच नाही. शोकेसचं जहाज करणारा ते सुंदर करतो. त्याच्या डोलकाठ्या उंच असतात आणि पोट पोकळ. खरं गलबत कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड भरतात, ते मोहनला माहीत होतं, पण काचेमागे ठेवायच्या जहाजात दगड कोण भरतो? त्यात शाडूची मूर्ती वजनाला चांगलीच जड, आणि ती बसवलेली वर, डेकवर.

संध्याकाळी कुंडलिकेच्या काठावर आरती झाली. पावसाची भुरभुर होती, पाणी गढूळ आणि ओढीचं. दादा आणि मोहन गुडघाभर पाण्यात गेले आणि त्यांनी गलबत हलकेच सोडलं. "गणपती बाप्पा" एवढं सगळे ओरडले. गलबत दोन हात पुढे गेलं, डावीकडे कललं, आणि "मोरया" म्हणायच्या आत आडवं झालं. बाप्पा तोंडावर पडले आणि दिसेनासे झाले.

मोरया कुणीच म्हटलं नाही.

"पालथा पडला गो," एक म्हातारी हळूच म्हणाली. ती हळूच म्हणाली म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. पोटुशी बाई घरात असली तर काही घरांत त्या वर्षी विसर्जन करतच नाहीत. आमच्याकडे तशी रीत नव्हती, पण ती तेव्हा सगळ्यांना आठवली असणार, कारण सगळे वहिनीकडे बघायला लागले. वहिनीने पदर पोटावर ओढून घेतला. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मोहन छातीभर पाण्यात शिरला. त्याला पोहता येत नाही. तो वाकून वाकून तळाशी हात घालत राहिला, शेवटी दादाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. हाताला गलबत लागलं होतं, मोडलेल्या काठ्यांचं. मूर्ती मिळाली नाही.

त्याच्या पुढचं जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते. कुणी काहीसुद्धा बोललं नाही. जावयाला बोलतात होय? घरी आल्यावर आईने त्याला गरम पाणी काढून दिलं आणि दादाने स्वतःचं नवं धोतर दिलं. वहिनीने वाटली डाळ वाढली, वर पुन्हा वाढली, मोदकावर तूप सोडलं. "घ्या ना भावोजी, लाजताव काय?" ती म्हणाली. मोहन मान खाली घालून जेवत राहिला. कुणी एक शिवी हासडली असती तर त्याच्या घशाखाली घास सरळ उतरला असता.

सकाळी आईने माझी ओटी भरली, पण माझ्याकडे बघितलं नाही. दादा स्टँडवर सोडायला आला. मोहनने कशीबशी सुरुवात केली, "दादा, मी तळाला वजन..." दादा म्हणाला, "गाडी लागली बघा," आणि आमची पिशवी उचलून पुढे गेला.

येताना गलबत जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं, ते घरी आल्यावर माळ्यावर गेलं. मोहनने हत्यारंही वर टाकली. जहाज काय झालं असं शेजारी विचारायचे तेव्हा मी "गणपतीबरोबर विसर्जन केलं" असं म्हणायची, आणि मोहन उठून गॅलरीत जायचा. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्यांकडे होता. त्यांची घंटा वाजली की भिंतीपलीकडून हाक येते का म्हणून आम्ही दोघंही हातातलं काम थांबवायचो. सातव्या महिन्यात वहिनीचे पाय सुजल्याचं कळलं, त्या दिवशी मोहन जेवला नाही. वहिनीच्या पोटाला आमच्या गलबताने काही होत नसतं हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पण तसं कळून भागत नाही.

थंडी संपता संपता हाक आली. मी फोनवर गेले, मोहन दारातच उभा राहिला.

"मुलगी झाली," दादा म्हणाला. "दोघी बऱ्या हायत. भावोजी हायत काय तिथं?"

मी फोन मोहनच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी कानाला लावला. दादा कंपनीतल्या मशीनवर ओरडायची सवय असलेला माणूस, त्याचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता.

"भावोजी, ऐकताव ना? येत्या गनपतीला बाप्पाला पान्यात तुमीच न्यायचा. हातात धरून."

मोहनने हो म्हणून मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे मी त्याला सांगितलं.