सुमनमावशींच्या ताटातला एक घास

कम्युनिटीतल्या दोस्तांनो, चेन्नईतल्या आमच्या छोट्याशा मराठी चर्चचा मी पाळक. आज उपासनेनंतर दोन घरी भेटी दिल्या आणि दोन्हीकडे जेवलो. नाही म्हणायची सोयच नसते!

तिथून अण्णा नगरला एकट्या राहणाऱ्या सुमनमावशींकडे पोचायला चार वाजले. ताटं वाढलेली आणि मावशी उपाशी.

"अहो मावशी, मी फक्त प्रार्थनेला येणार होतो."

"मग करा की! त्याआधी कशी जेवू?"

अन्नावर आशीर्वाद मागितला, आमेन म्हटलं आणि उठलो. त्यांनी माझ्यापुढं ताट सरकवलं. त्यात एकच घास रसम-भात.

"पाळकसाहेब, पोट भरलंय तुमचं, दिसतंय मला. माझं जेवण होईस्तोवर नुसतं बसा."

बसलो. वर ताकही मागून घेतलं.

तुमच्या ओळखीत असं एकटं जेवणारं कोण आहे?