ज्याचा कचरा त्याला

"ये निशान आपका है, शेठ."

गाडी येऊन थांबली की तो नमस्कारही न करता हे म्हणायचा. मग मालकाला गाडीभोवती फिरवून प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवायचा. "ये भी आपका. ये भी." मालक मान डोलावेपर्यंत नळाला हात लावायचा नाही. पैसे देऊन गाडी धुऊन घ्यायला आलेली भली माणसं त्याच्यापुढे चोरी करताना सापडल्यासारखी उभी राहायची.

सुरतेच्या उधना भागात आमच्या मागच्या खिडकीखाली त्याचं पत्र्याचं छप्पर होतं. मी मराठी शाळेत शिकवायची, तो खानदेशातल्या शिंदखेड्याकडून आलेला. तो गाड्या धुवायचा, आतून झाडायचा, पॉलिश करायचा. नव्वदीतल्या त्या वर्षांत सुरतेत मारुत्या वाढत होत्या, आणि नवी गाडी परक्याच्या हाती देताना लोकांचा जीव खालीवर व्हायचा. त्याचाही व्हायचा. चावी तो हातात घेत नसे. मालकानेच ती खिळ्याला अडकवायची. मदतीला माणूस ठेवत नसे, कारण दोघं असले की कोणी काय केलं ते कळत नाही, म्हणे. मी दिलेला चहासुद्धा आधी हुंगायचा.

"एवढा संशय घेतलात तर गिऱ्हाइकं पळतील, भाऊ," मी एकदा म्हटलं.

"गाडी कोन्हीबी धुई, बाई. आधी मालकले वळखनं पडस."

गिऱ्हाइकं पळाली नाहीत, उलट वाढली. तोंडावर संशय घेणारा माणूस पाठीमागे काही करणार नाही, असं लोकांना वाटत असावं. मला मात्र तो काहीतरी लपवतोय असंच वाटायचं. तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल, त्याच्याविषयी तुम्हालाही वाटलं असेल.

पूर्वी तो एका हिऱ्यांच्या कारखान्यात झाडलोट करायचा. तिथे झाडलेली धूळही मालकाची असते, कारण तिच्यात हिऱ्याचा कण निघू शकतो. ती सवय त्याने इथेही ठेवली. गाडीतून निघालेला कचरा तो वर्तमानपत्रावर पसरून मालकाला दाखवायचा, मग पिशवीत बांधून त्याच्याच हातात द्यायचा. शेंगांची टरफलं, तिकिटं, केसांच्या पिना, सगळं. लोक हसायचे आणि घेऊन जायचे.

एकदा एक हिरेवाले शेठ घाईत होते. याने वर्तमानपत्र उघडलं, तेवढ्यात शेठ ओरडले, "बांधी दे ने, भाई! कचरो शुं जोवानो?" याने नाइलाजाने पिशवी बांधून दिली. शेठने ती कोपऱ्यावरच्या ढिगात भिरकावली आणि गाडी काढली. मी हे खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ परत आले. हिऱ्यांचं पडीकं, म्हणजे हिरे बांधलेली घडीच्या कागदाची पुडी, सीटच्या फटीत पडलं असणार आणि याने ते घेतलं असणार, असं भर रस्त्यात म्हणाले. हा शांत होता. "आपकी थैली में होगा, शेठ. चलो." दोघं कोपऱ्यावर गेले. पण प्लेगच्या साथीनंतरच्या त्या दिवसांत शहराला स्वच्छतेचं वेड लागलं होतं. पालिकेच्या माणसांनी ढीग केव्हाच उचलला होता आणि कोपरा स्वच्छ झाडलेला होता.

खिडकीतून जे पाहिलं ते मी खाली उतरून सांगितलं. शेठने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझाही त्यात वाटा असावा. ते पडीकं गाडीत होतं तरी का, असा माझा संशय तेव्हाही होता आणि आजही आहे.

पोलीस आले नाहीत. फक्त हिरेवाल्यांच्या गाड्या यायच्या थांबल्या. मग बाकीच्यांच्याही. छपराखाली तो एकटा बसून राहायचा. एका दुपारी त्याने खालूनच हाक मारली.

"बाई, ती पिशवी बांधाना आधी मी कचरा देखा व्हता ना?"

"मला कसं दिसणार, भाऊ? बांधताना दिसलात."

"माले बी आठवत नही." त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. सगळ्या जगावर संशय घेणारा तो माणूस आता स्वतःवर घेत होता. मला फार वाईट वाटलं. तुम्ही ते पडीकं घेणार नाही, मला माहीत आहे, असं मी म्हटलं. त्याने ते ऐकून घेतलं, बस्स.

पुढच्या महिन्यात तो बायकोला घेऊन गावी परत निघाला. रिक्षा दारात आली होती. त्याने ट्रंक रस्त्यावर ठेवली, उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला. बायकोची लुगडी, तवा, देवाची तसबीर. गादीची शिवण उसवून कापूसही उपसला. कोणी मागितलं नव्हतं. गल्लीतली माणसं जमली. बायकोने पदर तोंडाशी धरला होता.

शेवटी त्याने सदऱ्याचे खिसे उलटे केले आणि माझ्याकडे वळला.

"देखी ल्या, बाई."

मी पुढे होऊन लुगड्यांच्या घड्या घालू लागले. खिसे तसेच बाहेर लोंबकळत ठेवून तो माझ्या होकाराची वाट पाहत उभा होता.