रामटेके उस्तादांची उघडी खिटी

रामटेके उस्ताद कुणालाही घोड्यावर बसू देण्याआधी खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची रिकीब धरायचे आणि मागच्या बाजूला जोरात हिसका द्यायचे. रिकिबीसकट पट्टा निघून हातात आला की खूश. नाही आला, तर खोगीर चढवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. हिंगणा रोडवरच्या आमच्या घोडेस्वारीच्या क्लासात नवीन आलेली माणसं हे बघून हादरायची. ज्या पट्ट्यावर आपल्या पायाचा भार, तो निघाला म्हणून हा गृहस्थ हसतो काय!

"पडून कोनी मरत नाही जी," ते सांगायचे, "अडकून मरते." पट्टा खोगिराच्या लोखंडी दांडीवर सरकवलेला असतो आणि दांडीच्या टोकाशी एक छोटी खिटी असते. खिटी उघडी असेल तर पडलेल्या माणसाचा पाय रिकिबीत अडकला तरी पट्टा मागे सरकून सुटतो. बंद असेल तर घोडा त्याला फरपटत नेतो. उभी नोकरी पोलिसांच्या घोड्यांवर काढलेल्या या माणसाने असं फरपटणं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याबद्दल मात्र ते कधी बोलायचे नाहीत.

मी एक्केचाळिसाव्या वर्षी हौस म्हणून मनीषनगरहून तिथे जायला लागले. कॉलेजात शिकवते, त्यामुळे ऐकून घ्यायची सवय नाही. घोडी दौडू लागली की माझा पट्टा निघायचा. दोनदा तर सगळ्यांदेखत निघाला.

"पट्ट्याले काहून शिव्या देता? तुमचा पाय मांगं जाऊन राहिला. घट्ट बसा," उस्ताद ओरडले.

मला ते झोंबलं. मी थेट क्लासच्या मालकांकडे गेले आणि खोगिरं धोकादायक आहेत अशी तक्रार केली. मालकांनी उस्तादांच्या सुटीच्या दिवशी सगळ्या खिट्या बंद करून वर तारेने करकचून बांधल्या.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी हिसका दिला. पट्टा हलेना. त्यांनी पक्कड मागवली आणि एकेक तार तोडून मालकांच्या पायाशी फेकली. "मानसं मारता का? कोनं सांगतलं हे बांधाले?"

"लोकांच्या तक्रारी आहेत."

"कोनाची तक्रार? समोर या!"

मी हेल्मेटचा पट्टा लावत मागेच उभी राहिले. आजही तो क्षण आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. उस्तादांना तिथल्या तिथे काढून टाकलं. दुपारपर्यंत तारा परत बांधल्या गेल्या. मला खिटीचं सगळं ठाऊक होतं, तरी मी त्याच खोगिरावर बसत राहिले. पट्टा आता निघत नव्हता ना!

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवरची ताडपत्री फडफडली, घोडी बुजली आणि मी पडले. पाय अडकला. कुंपणापर्यंत फरपटत गेले. घोट्याचं आणि मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात उस्ताद आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. "तक्रार मीच केली होती," मी म्हणाले.

"मालूम हाये मले. तुमच्याबिगर कोनाचा पट्टा निघे?"

मला रडू आलं. ते जराही विरघळले नाहीत. "रडून काय होते? रविवारी तिथं लेकरं बसतीन. तारा हायेत अजून?"

मी मालकांना फोन लावला. "मॅडम, तुम्ही आराम करा, ते आम्ही बघू," म्हणाले. माझं डोकंच फिरलं. क्लासच्या ग्रुपवर मी माझ्या नावाने सगळं लिहिलं: तक्रार माझी, चूक माझी, तारा निघेपर्यंत मुलांना पाठवू नका. पाच मिनिटांत मालकांनी मला ग्रुपमधून काढलं. पण मुलांच्या आयांनी वाचलं होतं. रविवारी एकही मूल गेलं नाही, आणि सोमवारी मालकांनी मुकाट्याने तारा काढल्या.

ते लिहिलेलं उस्तादांनी माझ्या फोनवर तेव्हाच दवाखान्यात, चष्मा लावून वाचलं होतं. "हे त्या दिवशी बोलाचं होतं, मॅडम. माह्यासमोर."

"चुकले मी, उस्ताद."

"हो. चुकल्याच." आणि ते निघून गेले.

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मागच्या महिन्यात लकडगंजच्या चौकात ते समोरून आले. मी हात जोडले. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मी नीट चालते आहे याची खात्री केली, आणि रस्ता ओलांडून गेले.