चालू पंपाचं उद्घाटन

"मॅडम, ते दोर खाली ठेवा. बोटीत माणसं बसायचीत," आमचे साहेब म्हणाले.

नुकतं फटफटलं होतं. धरणाच्या काठावर मी दोन नांगर बोटीत चढवत होते. मी पाणीपुरवठ्यात मेकॅनिकल इंजिनियर. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. शहर चारी बाजूंनी फुगत होतं आणि धरण आटत चाललं होतं. पाणी इतकं मागं हटलं, की आम्ही आत खोलवर एक तराफा सोडून त्यावर पंप बसवला होता. तिथून पाइपनं पाणी काठावरच्या विहिरीत यायचं आणि मग शहरात.

दुपारच्या आत वादळ येणार, असा हवामान खात्याचा इशारा होता. तराफा सरकला असता तर पाइप तुटला असता. म्हणून नांगर.

पण साहेब महापालिकेच्या सभापतींना 'पाहणी'ला घेऊन आले होते. सोबत दोन कार्यकर्ते, एक फोटोग्राफर आणि पोह्यांचा डबा.

"साहेब, आधी नांगर टाकू द्या. वारं सुटणार आहे."

"आकाश बघा, किती स्वच्छ आहे!"

"नांगर उतरले तर मीही उतरते. पंपाची माहिती तुम्ही द्या."

तडजोड म्हणून एक नांगर राहिला. डबा मात्र पूर्ण आला. लाइफ जॅकेट कुणी घातलं नाही. त्यानं सभापतींचा कुर्ता चुरगळत होता.

तराफ्यावर पोचल्यावर सभापतींनी विचारलं, "पंप चालू कोण करतं?"

"चालूच आहे."

"मग फोटोत मी काय करायचं? बंद करा. मी चालू करतो."

मी समजावलं. पंप बंद केला की आतलं पाणी निसटतं, हवा शिरते. पुन्हा पाणी भरून हवा काढावी लागते. त्याला प्रायमिंग म्हणतात. तासभर सहज जातो.

मी बोलत असतानाच साहेबांनी लाल बटण दाबलं. इतक्या वर्षांत त्यांनी पंपाला लावलेला तो पहिला हात.

सभापतींनी हसून हिरवं दाबलं. मोटर घुमली, पाणी आलं नाही. फोटोत ते कळत नसल्यानं सगळे खूश. मोटर जळू नये म्हणून मी ती बंद केली.

तेवढ्यात बोट चालवणारे लतीफभाई ओरडले, "मॅडम, उधर देखो! अब्बी निकले तो बीच में उलटते."

पश्चिमेकडून धुळीची भिंत येत होती. पाहता पाहता लाटा तराफ्यावर आपटू लागल्या. सगळ्यांनी जॅकेटांसाठी झोंबाझोंबी केली. कुर्त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग तराफ्याचा जुना दोर तटकन तुटला आणि तराफा पाइपाकडं फिरू लागला.

लतीफभाईंनी आणि मी नांगर टाकला. तो रुतला, पण दोर ताणून तराफ्यावरच्या खांबाला बांधायला दोन माणसं पुरेनात.

"ओढा!" मी ओरडले.

"कोण, मी?" साहेब.

"पोहता येतं का तुम्हाला?"

साहेबांनी ओढला. सभापतींनीही ओढला. एक कार्यकर्ता देवाचं नाव घेत होता, दुसरा पोहे ओकत होता. माझे हात सोलून निघाले, आणि खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. गाठ बसली तेव्हा कुठं श्वास घेतला. पाइप वाचला.

वारं पडल्यावर मंडळी पहिल्या फेरीत काठावर गेली. मी प्रायमिंग करत बसले. त्या सकाळी शहरातल्या औरंगपुऱ्यात नळाची पाळी होती. पाणी गेलंच नाही. दिवसभर लोकांनी फोनवर मला शिव्या घातल्या.

"वादळामुळं झालं म्हणून सांगा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: सभापतींच्या हस्ते पंप सुरू.

त्याच आठवड्यात मी खऱ्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. शेजारी वायर न जोडलेलं एक मोठं हिरवं बटण बसवलं. पुढं पाऊस येईपर्यंत बऱ्याच पाहुण्यांनी ते दाबलं आणि सगळे समाधानानं परतले. माझ्या नोकरीत एकदाही दुरुस्ती न लागलेलं यंत्र तेवढं एकच.