विकत घेतल्यानंतर

मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकेत होते तेव्हा आमचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्यांची सोयरीक जमवणं. सह्या झाल्या की आमचा संबंध संपला. पुढं ती नांदते का मोडते, आमच्या बापाचं काय जात होतं? पण राबून राबून जीव मेटाकुटीला आला आणि मी एका अन्नधान्याच्या कंपनीत कॉर्पोरेट डेव्हलपमेंटला गेले. म्हणजे आता एकाच कंपनीसाठी छोटे धंदे हेरायचे, विकत घ्यायचे आणि मग ते निस्तरतही बसायचं. हे शेवटचं मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. अंबाजोगाईत आईला एवढंच कळलं की पोरीनं बँक सोडली. लोकांना सांगताना ती अजून आवाज बारीक करते.

मी मूळची बीड जिल्ह्यातली, म्हणून केजजवळची डाळमिल माझ्याच गळ्यात पडली. मालक सत्तरीचे, मी त्यांना काका म्हणायचे. मुलं पुण्यात नोकरीला, परत यायला एकही तयार नाही, म्हणून मिल विकायला काढलेली. किमतीवर त्यांनी फार घासाघीस केली नाही. अडून बसले ते खुर्चीवर.

"जवर मिल चालंल तवर माजी खुर्ची हापिसात ऱ्हाईल. सकाळी येईन, दिवस मावळला की जाईन. पगार नगं मला."

आमच्या वकिलाला हसू आलं. मी मात्र ते करारात घालायला लावलं. काका रोज यायचे. तूर घेऊन आलेल्या लोकांशी गप्पा मारायचे, नव्या मॅनेजरला उगाच टोकायचे. मॅनेजर मला फोन करून कुरकुर करायचा. मी म्हणायचे, चालू दे रे बाबा, तुझं काय खातात ते?

मग मुख्य कार्यालयात ठरलं, मिल बंद करायची, यंत्रं लातूरला न्यायची. कारणं खरीच होती, मीच मांडली होती. काकांना कोण सांगणार म्हटल्यावर मीटिंगमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. लई राग आला, पण भांडायचंही त्राण नव्हतं. वर हुकूम असा, की बातमी फुटू नये म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत कुणाकडे ब्र काढायचा नाही. बँकेत असते तर तोवर मी ही मिल विसरूनही गेले असते.

त्या दिवशी दुपारी पोचले आणि पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. "काका, मिल आज बंद होतेय. उद्यापासून कुलूप."

मी सवयीनं समजूत घालायला लागले. लातूरच्या मिलला येत जा, गाडी पाठवू, तिथं खुर्ची ठेवू. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"लातूरला कोन वळकतंय मला?"

यंत्रं थांबली. मॅनेजरनं कामगारांना आवारात बोलावून सांगितलं, आणि ते एकेक करून डबे उचलून गेले. मला लातूरला मीटिंग होती. मी उठले. म्हटलं, "चला काका, घरी सोडते."

ते हलेनात.

"आत्ता न्हाई," ते म्हणाले. "आत्ता गेलो तर तुजी काकू ईचारंल, कावून लवकर आलाव. दिवसाउजेडी कदी घरी गेलोच न्हाई मी. काय सांगू तिला? दिवस मावळूस्तोर बसतो. तू बी बस लेकी, घाई नसंल तर."

घाई होती. मी फोन बंद केला आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. एकदा त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली.

अंधारून आल्यावर ते गाडीत बसले. घर जवळ आलं तसं म्हणाले, "आजचं निभलं. उद्या सकाळी काय म्हनून घराबाहेर पडू?"